पाठ १४ : लोकरीच्या कापडाची पारख

प्रास्ताविक

‘होळी जळाली, थंडी पळाली’ अशी एक म्हण मराठी मुलखात प्रचलित आहे. दख्खनच्या पठारावर तिचा प्रत्यय दरवर्षी येतो. परंतु उत्तर भारतातील डोंगराळ प्रदेशात होळी उलटून गेल्यावरही थंडी मुक्काम हलवीत नाही. पहाटे बोटे गारठतात, दुपारी ऊन चटका देते आणि संध्याकाळी पुन्हा गार वारा सुटतो. नोकरी, व्यवसाय किंवा सैन्यातील सेवा यांच्या निमित्ताने अशा भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा ऋतू चांगला परिचयाचा आहे. जाड स्वेटर नकोसा होतो आणि सुती कपडा अपुरा पडतो, अशा दिवसांत हलक्या लोकरी कापडाचे जाकीट, स्कर्ट किंवा बंडी उपयोगी पडते.

असे कपडे घरी शिवता येतात. मात्र लोकरीचे कापड सुती कापडापेक्षा महाग असते आणि त्याचे गुणदोष पहिल्या नजरेत दिसत नाहीत. कापड कसे पारखावे आणि कात्री चालवण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला
• लोकरी कापडाचे प्रमुख प्रकार ओळखता येतील;
• शुद्ध लोकर आणि कृत्रिम धागा यांतील फरक सांगता येईल;
• हलक्या ट्वीडची निवड करताना करावयाच्या चाचण्या स्पष्ट करता येतील;
• कापडाचा पन्हा, वजन व आटण्याचे प्रमाण यांचा हिशेब मांडता येईल;
• शिवणकामातील मराठी शब्दांचा योग्य वापर करता येईल.

१४.१ मूळ पाठ

लोकर : पिंजलेली आणि विंचरलेली

मेंढीच्या अंगावरील लोकरीचा तंतू सरळ नसतो. तो नागमोडी असतो. या नागमोडीमुळे तंतूंच्या मध्ये हवा साठून राहते आणि ती साठलेली हवाच शरीराची ऊब टिकवते. लोकरीचा दुसरा गुण म्हणजे ओलावा शोषण्याची शक्ती. स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषूनही लोकर हाताला ओली लागत नाही. तिसरा गुण लवचिकपणाचा. चुरगाळलेले लोकरी कापड टांगून ठेवले की बऱ्याच अंशी पूर्ववत होते.

सर्व मेंढ्यांची लोकर सारखी नसते. महाराष्ट्रातील धनगर बांधव पाळतात त्या दख्खनी मेंढीची लोकर राठ व टिकाऊ असते. तिच्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन सनगर विणकर घोंगडी विणतात. पावसाची भुरभुर आणि रानातला वारा अंगावर घेण्यासाठी घोंगडीसारखे दुसरे वस्त्र नाही; पण तेच कापड गळ्याशी लागले तर टोचते. याउलट मेरिनो मेंढीचा तंतू अतिशय बारीक असल्यामुळे त्याचे कापड त्वचेला मऊ लागते. कोणती लोकर चांगली, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. कोणत्या कामासाठी चांगली, असे विचारावयास हवे.

सूत काढण्याच्या पद्धतीवरून लोकरी कापडाचे दोन वर्ग होतात. पहिल्या पद्धतीत लोकर केवळ पिंजली जाते. तीत आखूड व लांब तंतू एकत्र राहतात, सूत फुगीर व लवदार होते आणि कापड उबदार बनते. दुसऱ्या पद्धतीत पिंजलेली लोकर विंचरून आखूड तंतू वेगळे काढले जातात व लांब तंतू समांतर लावले जातात. असे सूत गुळगुळीत आणि घट्ट असते. त्यापासून तयार होणाऱ्या कापडास वर्स्टेड म्हणतात. इंग्लंडमधील नॉरफॉक परगण्यातील वर्स्टेड या गावावरून हे नाव पडले. पुरुषांच्या सुटाचे तुळतुळीत कापड बहुधा वर्स्टेड असते. ट्वीड मात्र पिंजलेल्या लोकरीचे कापड आहे.

ट्वीडची ओळख

ट्वीडचे माहेर स्कॉटलंड. तिरकस विणीला तेथील बोलीत ‘ट्वील’ म्हणत. सन १८३० च्या सुमारास लंडनच्या एका व्यापाऱ्याने हा शब्द ‘ट्वीड’ असा चुकीचा वाचला आणि ट्वीड नावाची नदी त्याच प्रदेशात असल्यामुळे ते नाव रूढ झाले, असे सांगितले जाते.

स्कॉटलंडच्या वायव्येस असलेल्या आउटर हेब्रिडीज बेटांवरील हॅरिस ट्वीड जगप्रसिद्ध आहे. या नावाला सन १९९३ च्या ब्रिटिश कायद्याने संरक्षण दिले. त्यानुसार शुद्ध नवी लोकर त्या बेटांवरच रंगवलेली व कातलेली असावी लागते. कापड बेटावरील रहिवाशाने आपल्या घरी हातमागावर विणलेले असावे लागते आणि त्यावरील अंतिम प्रक्रियाही तेथेच व्हावी लागते. भारतातही या कापडाचे भाऊबंद आहेत. हिमाचल प्रदेशातील कुलू व किन्नौर भागांत हातमागावर अरुंद पन्ह्याचे लोकरी कापड विणले जाते. त्याला ‘पट्टी’ म्हणतात. कोट, बंडी आणि टोप्या त्यापासून शिवतात.

ट्वीडचे सौंदर्य त्याच्या रंगात आहे. त्याची लोकर सूत काढण्यापूर्वीच रंगवतात आणि निरनिराळ्या रंगांची लोकर एकत्र पिंजतात. त्यामुळे दुरून तपकिरी दिसणाऱ्या कापडात जवळून पाहिल्यास पिवळ्या, हिरव्या, जांभळ्या तंतूंचे ठिपके आढळतात. म्हणून ट्वीडचा रंग दुकानातील विजेच्या दिव्याखाली ठरवू नये. तागा दारापाशी उजेडात न्यावा; एकदा हातभर अंतरावरून आणि एकदा दहा पावलांवरून पाहावा. कपडा लोकांना दुरूनच अधिक वेळा दिसतो.

विणीचे नमुनेही अनेक आहेत. माशाच्या काट्यासारख्या दिसणाऱ्या विणीस हेरिंगबोन म्हणतात. याशिवाय लहान-मोठ्या चौकडी आणि साधी तिरकस वीण हे नेहमीचे नमुने होत.

हलकेपणाचे दोन प्रकार

ब्रिटनमधील वसंत ऋतू दमट व गार असतो. त्यासाठी तेथे हिवाळ्यातील जाड ट्वीडपेक्षा हलके, फिक्या रंगाचे ट्वीड वापरण्याची प्रथा पडली. भारतातील डोंगराळ भागात फाल्गुन-चैत्रात अशाच कापडाची गरज असते. दर चौरस मीटरला सुमारे २०० ते ३०० ग्रॅम वजनाचे लोकरी कापड या दिवसांना साधारणतः योग्य ठरते.

पण केवळ वजन पाहून भागत नाही. लोकरी कापडात हलकेपणा दोन प्रकारांनी येतो. बारीक सूत दाट विणले तर कापड पातळ, पण भरीव होते. जाड सूत विरळ विणले तरीही कापड हलके होते. मात्र ते जाळीसारखे सैल असते. दुकानात दोन्ही कापडे हाताला सारखीच हलकी लागतात. शिवल्यानंतर दोन महिन्यांनी फरक दिसतो. पहिल्याचा आकार टिकतो. दुसऱ्याच्या स्कर्टला बसण्याच्या जागी झोळ पडतो, कोपरांपाशी फुगवटे येतात आणि शिवणीजवळचे धागे सुटू लागतात. विरळ कापड वाईट असते असे नव्हे. सैल जाकिटाला किंवा शालीला ते शोभून दिसते. परंतु अंगाबरोबर बसणाऱ्या स्कर्टसाठी वा विजारीसाठी ते घ्यावयाचे नाही.

दुकानात करावयाच्या चाचण्या

१. मुठीची चाचणी. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट दाबून दहापर्यंत आकडे मोजावेत व मूठ उघडावी. चांगली लोकर हळूहळू उलगडते. घड्या तशाच राहिल्या तर कापडात सुती किंवा अन्य धाग्याचे प्रमाण अधिक असण्याचा संभव असतो.

२. अंगठ्याची चाचणी. कापड दोन्ही हातांत ताणून धरावे व दोन्ही अंगठ्यांनी मधोमध दाबावे. सोडल्यावर फुगवटा राहिला, तर त्या कापडाला पुढे झोळ पडणार हे निश्चित समजावे.

३. उजेडाची चाचणी. कापड उजेडासमोर धरावे. धाग्यांतील अंतर सर्वत्र सारखे आहे की कोठे विरळ पट्टे आहेत, ते तत्काळ दिसते.

४. धाग्याची चाचणी. कापलेल्या कडेचा एक धागा ओढून काढावा आणि त्याचा पीळ उलगडावा. तंतू लांब व चिवट असतील तर कापड टिकते. धागा सहज तुटला आणि त्यातून भुसा गळावा तसे आखूड तंतू निघाले, तर लोकर पुनर्वापरातील असू शकते. जुने लोकरी कपडे पिंजून पुन्हा सूत काढण्याच्या उद्योगासाठी हरियाणातील पानिपत ओळखले जाते. अशा सुताची कांबळी स्वस्त व उबदार असतात. पण अनेक वर्षे वापरावयाच्या जाकिटासाठी ते सूत दुबळे पडते.

५. गळ्याची चाचणी. हाताच्या तळव्याची त्वचा राठ असते; तिला टोचणे कळत नाही. म्हणून कापड गळ्याशी किंवा मनगटाच्या आतल्या बाजूस मिनिटभर धरावे. टोचत असेल तर पूर्ण अस्तर लावावे लागेल आणि अस्तराचा खर्च हिशेबात धरावा लागेल.

दिसते तसे नसते

ॲक्रिलिक हा कृत्रिम धागा लोकरीसारखाच दिसतो. भारतीय बाजारात ‘कॅशमिलॉन’ या नावाने विकला जाणारा धागा ॲक्रिलिकचाच असतो. तो स्वस्त असतो, धुण्यास सोपा असतो आणि त्याला कसर लागत नाही. तो विकत घेण्यात काहीच गैर नाही. लोकरीच्या भावाने विकत घेण्यात मात्र नुकसान आहे. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

कापडाच्या काठावर छापलेला मजकूर आणि चिठ्ठी प्रथम वाचावी. सन १९६४ पासून प्रचारात असलेले वूलमार्क हे चिन्ह शुद्ध नव्या लोकरीचे निदर्शक आहे. चिन्ह नसेल तर दुकानदाराकडून लहानशी चिंधी मागून घ्यावी आणि घरी जाळून पाहावी. ताण्याचे व बाण्याचे चार-चार धागे वेगळे काढून, चिमट्यात धरून, धातूच्या ताटलीवर पेटवावेत. जवळ पाणी ठेवावे. लोकर सावकाश जळते, ज्योत दूर केली की बहुधा विझते, केस जळाल्यासारखा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटांनी चुरडता येते. सुती धागा कागदासारखा वास देत भुरकन जळतो व राखाडी राख ठेवतो. ॲक्रिलिक वितळते व थंड झाल्यावर त्याचा कठीण गोळा होतो. हा गोळा चुरडला जात नाही. मिश्र धाग्यात ही लक्षणेही मिसळलेली आढळतात. केवळ काही धाग्यांच्या या परीक्षेने शेकडो रुपयांचे नुकसान टळू शकते.

पन्हा, भाव आणि आटणे

लोकरी कापडाचा पन्हा एकसारखा नसतो. गिरणीचे कापड बहुधा १५० सेंटिमीटर पन्ह्याचे असते. हॅरिस ट्वीडच्या पारंपरिक मागाचा पन्हा सुमारे ७५ सेंटिमीटर असतो आणि हिमाचली पट्टीही अरुंद असते. त्यामुळे नुसत्या मीटरच्या भावाची तुलना फसवी ठरते. समजा, ७५ सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडाचा भाव मीटरला ६०० रुपये आणि १५० सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडाचा १,००० रुपये आहे. पहिले कापड स्वस्त भासते. पण चौरस मीटरचा हिशेब केला तर पहिले ८०० रुपयांना आणि दुसरे सुमारे ६६७ रुपयांना पडते.

चौकडीचे कापड असेल तर शिवणीवर चौकडी जुळवण्यासाठी अधिक कापड लागते. एका चौकडीची उंची १० सेंटिमीटर असेल आणि पाठ, पुढचा भाग व बाही असे तीन भाग एकाखाली एक बेतावयाचे असतील, तर सुमारे ३० सेंटिमीटर कापड जास्त घ्यावे. कापडावर लव असेल तर सर्व भाग एकाच दिशेने बेतावेत. अन्यथा एकाच जाकिटाच्या दोन बाजू दोन छटांच्या दिसतात.

सर्वांत महत्त्वाची दक्षता आटण्याविषयीची आहे. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, पाणी आणि घासणे या तिन्हींमुळे ते एकमेकांत अडकतात व कापड आटते. म्हणून बेतण्यापूर्वी २० सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा घेऊन त्यावर ओले फडके ठेवावे, गरम इस्त्री करावी आणि तुकडा वाळल्यावर मोजावा. तो १९.४ सेंटिमीटर भरला, तर कापड तीन टक्के आटते. याचा अर्थ ९२ सेंटिमीटर छातीचा कपडा पावणेतीन सेंटिमीटरने आखूड होणार. म्हणजे गुंडी लागेनाशी होणार. अशा वेळी संपूर्ण कापड ओलसर चादरीत गुंडाळून रात्रभर ठेवावे व सपाट पसरून सावलीत वाळवावे. मगच कात्री हाती घ्यावी.

शिवताना आणि सांभाळताना

ट्वीडचे धागे लवकर सुटतात. म्हणून सुती कापडाला सोडतो त्याहून अधिक, सुमारे दोन सेंटिमीटर माया सोडावी आणि कडा लगेच ओवरलॉक कराव्यात किंवा हाताने गुंफाव्यात. टाका जरा लांब ठेवावा. इस्त्री कापडावरून ओढू नये. ओलसर फडक्यावर दाबावी व उचलावी. ओढलेल्या इस्त्रीने कापड ताणले जाते व त्यावर चमक येते. स्कर्टला अस्तर लावल्यास बसण्याच्या जागी पडणारा झोळ बराच कमी होतो.

ऋतू संपल्यावर कपडा झटकून, डाग काढून, पूर्ण कोरडा करूनच पेटीत ठेवावा. घामट किंवा मळलेल्या लोकरीला कसर लवकर लागते. डांबराच्या गोळ्या ठेवल्या तरी कपडा स्वच्छ असणे हाच पहिला उपाय होय.

घरी शिवणकाम करून संसाराला हातभार लावणाऱ्या अनेक स्त्री-पुरुषांना पुढे गिऱ्हाइकाचे कापडही हाती घ्यावे लागते. स्वतःचे कापड वाया गेले तर पैसे जातात. गिऱ्हाइकाचे कापड वाया गेले तर पैशांबरोबर विश्वासही जातो. सुती कापडात झालेली चूक पुष्कळदा उसवून दुरुस्त करता येते. आटलेली लोकर मात्र पूर्ववत होत नाही. म्हणून लोकरीच्या कामात शिवण्याच्या कौशल्याइतकेच पारखण्याच्या कौशल्याला महत्त्व आहे आणि ही पारख डोळे, बोटे व थोडा धीर यांच्या साहाय्याने कोणालाही साध्य होण्यासारखी आहे.

पाठगत प्रश्न १४.१

योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
१. ट्वीड हे ______ लोकरीचे कापड आहे. (पिंजलेल्या / विंचरलेल्या)
२. लोकर जळताना ______ जळाल्यासारखा वास येतो. (कागद / केस)
३. कापड टोचते की नाही हे ______ धरून पाहावे. (गळ्याशी / तळव्यावर)
४. ७५ सेंटिमीटर पन्ह्याचे कापड मीटरला ४५० रुपयांना मिळत असेल, तर एका चौरस मीटरला ______ रुपये पडतात. (६०० / ९००)

१४.२ भाषाभ्यास

शिवणकामातील अनेक शब्द मराठीत रोजच्या बोलण्यातही वेगळ्या अर्थाने येतात. पुढील शब्द अभ्यासा.

माया : (१) शिवणीबाहेर राखलेले जादा कापड, (२) ममता. उदा. ‘बाहीला दोन बोटे माया ठेव.’ ‘आजीची नातवावर फार माया.’ दोन्ही अर्थांत पुढच्या गरजेसाठी काही राखून ठेवण्याचा भाव आहे, हे ध्यानात येईल.

कसर : (१) लोकर खाणारी कीड, (२) उणीव. उदा. ‘शालीला कसर लागली.’ ‘त्याने अभ्यासात कसर ठेवली नाही.’

बेतणे : (१) मापाप्रमाणे कापड आखून कापणे, (२) संकट ओढवणे. उदा. ‘तिने जाकीट बेतले.’ ‘प्रसंग जिवावर बेतला.’

वीण : (१) धाग्यांची गुंफण, (२) नात्यांचा बंध. उदा. ‘या कापडाची वीण दाट आहे.’ ‘शेजाऱ्यांशी जुळलेली वीण त्यांनी जपली.’

शब्दार्थ

पन्हा – कापडाची रुंदी
ताणा – कापडातील उभे धागे
बाणा – कापडातील आडवे धागे
झोळ – ताणामुळे कापडाला आलेला सैल फुगवटा
लव – कापडाच्या पृष्ठभागावरील बारीक केसाळपणा
तागा – कापडाची सलग गुंडाळी
राठ – खरखरीत, जाडाभरडा
आटणे – आकाराने कमी होणे

तुम्ही काय शिकलात?

• लोकर हवा साठवून ऊब टिकवते व ओलावा शोषते.
• पिंजलेल्या लोकरीपासून ट्वीड आणि विंचरलेल्या लोकरीपासून वर्स्टेड तयार होते.
• हलके कापड दाट विणीचे की विरळ विणीचे, हे पाहून त्यापासून कोणता कपडा शिवावा ते ठरते.
• मूठ, अंगठा, उजेड, धागा व गळा या पाच चाचण्या दुकानातच करता येतात. जाळण्याची चाचणी घरी करावी.
• भावाची तुलना चौरस मीटरवर करावी आणि कापड आटवून घेतल्यावरच बेतावे.

स्वाध्याय

१. ‘कोणती लोकर चांगली, हा प्रश्न अपुरा आहे’ या विधानाचा अर्थ घोंगडीचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. हलकेपणाचे दोन प्रकार सांगून त्यांचे परिणाम लिहा.
३. २० सेंटिमीटरचा तुकडा आटून १९.२ सेंटिमीटर झाला, तर कापड किती टक्के आटले? ६० सेंटिमीटर लांबीचे जाकीट किती आखूड होईल?
४. तुमच्या घरातील एक लोकरी व एक कृत्रिम धाग्याचा कपडा घेऊन मुठीची चाचणी करा व निरीक्षण पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. तुमच्या परिसरातील विणकर किंवा शिंपी यांच्याशी बोलून त्यांच्या कामातील दहा शब्द व त्यांचे अर्थ लिहून काढा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१४.१ : १. पिंजलेल्या २. केस ३. गळ्याशी ४. ६००